ताकद सगळ्यात शेवटी

पिरंगुट, ता. मुळशी
कार्तिकीनंतरचा रविवार

चि. सोहम यास,


तुझा तेरा मिनिटांचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. पहिल्यांदा गॅरेजात, तेव्हा शेजारी कंप्रेसर चालू होता. म्हणून रात्री जेवणं झाल्यावर पुन्हा ऐकला. तुला उत्तर फोनवर हवं होतं. पण फोनवर माझी दोन वाक्यं झाली की तू ‘हो मामा, पण’ म्हणतोस आणि माझं तिसरं वाक्य राहून जातं. कागदाला मध्येच बोलता येत नाही, म्हणून लिहितो.

तुझा बेत मला कळला तो असा. दोन टनांचा डबल कॅब पिकअप घ्यायचा. टर्बो बदलायचा, मोठे नोझल टाकायचे, रिमॅप करायचा आणि गाडीचे ४०० एचपी करायचे. सोमवार ते शनिवार त्याच गाडीतून भात-भाजी मार्केट यार्डला न्यायची, आणि हंगाम आला की अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैल पळवायची. रस्त्यालगतच्या जमिनीच्या तुकड्याचे पैसे आलेले आहेत, तेव्हा पैशांची अडचण नाही. माझ्याकडून तुला एवढंच हवंय, की टर्बो कोणता बसवू.

टर्बोचं शेवटी बोलू. टर्बोचं शेवटीच बोलायचं असतं, आणि या सगळ्या पत्रात मला सांगायचंय तेही एवढंच.

आपल्याकडे पिकअप या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक माल वाहणारी गाडी आणि दुसरा गाडीचा उठाव. ‘मिस्त्री, पिकअपला पिकअप राहिला नाही’ असं म्हणत गिऱ्हाईक येतं, तेव्हा मी बॉनेट उघडायच्या आधी चारही चाकं जॅकवर घेऊन हाताने फिरवतो. कुठलं तरी चाक ब्रेकमध्ये अडकलेलं असतं. नसेल तर क्लच घसरत असतो, नाहीतर आपल्या इकडच्या क्रशरच्या धुळीने एअर फिल्टर गच्च भरलेला असतो. ताकद गाडीत असतेच, ती कुठेतरी अडून बसलेली असते. तिची वाट मोकळी करून दिली की गिऱ्हाईक विचारतं, काय जादू केलीत? आधी तुझ्या गाडीतली आहे ती ताकद पुरती वापरून बघ. पुरत नाही असं वाटलं, तर मग पुढचं.

आता माझी गोष्ट. तुझ्या आईला ती अर्धीच माहीत आहे.

औंधच्या आयटीआयमधून नुकता बाहेर पडलो होतो. हाताखाली एक जुना मालवाहू पिकअप होता. तेव्हा गाडीत कॉम्प्युटर नव्हता. डिझेल पंपाचं सील तोडायचं, स्क्रू फिरवायचा, की डिझेल वाढायचं. मी फिरवला. गाडी काळा धूर ओकायला लागली, पण चांदणी चौकाचा चढ भरल्या गाडीने तिसऱ्या गिअरवर चढला. आठ दिवस मी हवेत होतो. नवव्या दिवशी सिमेंटची पोती भरून माणगावकडे निघालो. शेजारी क्लीनर म्हणून अण्णा. ताम्हिणी चढताना गाडी वाऱ्यासारखी गेली, आणि त्याच मस्तीत मी उताराला खालचा गिअर टाकायचा विसरलो. तिसऱ्या वळणावर ब्रेकचं पेडल थेट फळीला टेकलं. पंप मारून पाहिला, हँडब्रेक ओढला, काही हाती लागेना. शेवटी गाडी डोंगराच्या बाजूला घातली. गटाराला अन् खडकाला घासत ती थांबली तेव्हा अण्णाच्या बाजूचं दार आत आलेलं होतं.

दोष गाडीचा नव्हता. चढायला मी तिला दुप्पट केली होती, थांबायला ती होती तेवढीच ठेवली होती. अण्णाचा डावा हात आजही खांद्याच्या वर जात नाही. दर बैलपोळ्याला तो आपल्याकडे जेवायला येतो. पाटावर बसून तो उजव्या हाताने पाण्याचा तांब्या लांबवून घेतो, तेव्हा मी दुसरीकडे बघतो.

म्हणून माझा हिशेब थांबण्यापासून सुरू होतो. तूही एकदा कागद-पेन्सिल घेऊन बस.

पाव मैल म्हणजे ४०२ मीटर. चालकासकट २२०० किलोची गाडी धर. दोनशे एचपीवर ती हे अंतर साधारण पावणेसतरा सेकंदांत कापेल. चारशे एचपीवर साडेतेराच्या आसपास. ताकद दुप्पट झाली, वेळ मात्र फक्त पाचव्या हिश्शाने उतरला, कारण वेळ हा वजन भागिले ताकद याच्या घनमुळाने चालतो. दुसऱ्या टोकाला काय होतं तेही बघ. पट्टी संपताना दोनशेवाली गाडी ताशी १३० किलोमीटरच्या आसपास असेल, चारशेवाली १६० च्या वर. ब्रेकवर येणारी उष्णता वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ती दीडपटीहून जास्त झाली. ताशी १६० वरून एवढं धूड थांबवताना ब्रेकमध्ये जी उष्णता तयार होते, तिच्यावर साडेसहा लिटर गार पाणी उकळेल. तुझ्या आईच्या चुलीवर त्याला किती वेळ लागतो ते विचार, आणि ब्रेकला ते किती सेकंदांत करायचंय ते मोज. त्यातून आपल्याकडच्या बऱ्याच पिकअपना मागे अजून ड्रमच असतात.

अमेरिकेत गल्लीबोळांतल्या शर्यती धावपट्टीवर आणण्यासाठी १९५१ साली वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन काढली. पाव मैल हे अंतर तिथे जवळपास देवाच्या जागी. तरीही २००८ साली पट्टीच्या टोकाला गाडी थांबू न शकल्याने एका नामांकित चालकाचा जीव गेला, तेव्हा सगळ्यात वेगवान वर्गांचं अंतर त्यांनी हजार फुटांवर आणलं. ज्यांच्याकडे हजारो एचपी आहेत त्यांनाही शेवटी पळायची जागा कमी करून थांबायची जागा वाढवावी लागली.

आपल्या म्हाताऱ्यांना हे अमेरिकेला न जाता कळलेलं होतं. खेड, जुन्नर, मावळातले बैलगाडा शर्यतींचे घाट आठव. चार बैल, पुढं घोडी, आणि बारीचा निकाल सेकंदांत. ही आपली ड्रॅग रेसच की! पण घाट बहुतेक चढावर असतो. पळणाऱ्याला आवरायची सोय जमिनीनेच करून ठेवलेली असते, वर टोकाला बैल धरायला माणसं उभी असतात ती वेगळीच. ही शर्यत २०१४ साली बंद पडली. पुन्हा सुरू झाली ती कायद्याची चौकट घेऊन, आणि १८ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्याला मान्यता दिली. आज बैलसुद्धा परवानगीच्या कागदाशिवाय पळत नाहीत. तुझ्या गाडीचं तर बोलायलाच नको.

तेव्हा गाडी बांधायची ती जमिनीकडून वर बांध. क्रम सांगतो, तो मोडू नकोस.

पहिलं टायर. टायरच्या कुशीवर आकड्यांनंतर एक इंग्रजी अक्षर असतं. क्यू असेल तर ताशी १६० ची हद्द, आर असेल तर १७०, एस असेल तर १८०. तुझ्या डोळ्यांत भरलेले ते दातेरी चिखलाचे टायर बहुतेक क्यू असतात. म्हणजे चारशे एचपी घालून पट्टीच्या टोकाला तू टायरच्या हद्दीबाहेर गेलेला असशील. दोन जोड ठेव, एक रोजचा नि एक पट्टीचा. आणि रोजचे टायर उगाच रुंद घेऊ नकोस. आपल्या पावसात रुंद टायर पाण्यावर तरंगतो, मग स्टिअरिंग तुझ्या हातात असतं आणि गाडी पावसाच्या.

दुसरं ब्रेक. चांगले पॅड, ताजं ब्रेक ऑइल, नव्या होसेस. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पितं, आणि ओलावा प्यालेलं ऑइल लवकर उकळतं. ताम्हिणीत माझं तेच झालं होतं. दरवर्षी पाऊस संपला की ते बदलायचं, विचारायचंसुद्धा नाही.

तिसरं पाटे आणि जॉइंट. रिकाम्या पिकअपचा मागचा भाग हलका. ताकद आली की पाटे पिळवटतात, ॲक्सल उड्या मारतो आणि मागची चाकं नाचतात. लोक टाळ्या वाजवतात, गाडी मात्र जागेवरच असते. चारशे एचपी नाचत्या चाकांतून जमिनीवर उतरत नाहीत. ॲक्सलला पिळू न देणारा बार लाव, पाट्यांचे बुश बदल, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस तपास, आणि शाफ्टखाली लोखंडी कडं बसव. पुढचा क्रॉस तुटून शाफ्ट डांबरात रुतला, तर गाडी बांबूवर उडी मारणाऱ्या गड्यासारखी उचलली जाते.

चौथं क्लच आणि गिअरबॉक्स. आपल्याकडे मिळणाऱ्या हायलक्सचंच घे. २.८ लिटरचं इंजिन तेच, २०४ ची ताकद तीच. पण मॅन्युअल गिअरबॉक्सबरोबर कंपनी ४२० न्यूटन-मीटर देते, ऑटोमॅटिकबरोबर ५००. मी याचा अर्थ असा लावतो, की ज्यांनी इंजिन बनवलं तेसुद्धा पुढचा गडी किती पेलेल हे बघून ताकद वाढतात. तुझ्या बेतात पुढच्या गड्याचं नावच नाही. शर्यतीचा कडक क्लच टाकशील तर भूगावच्या कोंडीत रोज तासभर तो दाबून धरशील तेव्हा डावा गुडघा मामाची आठवण काढेल.

पाचवं थंडावा. रेडिएटर, इंटरकूलर, ऑइल, आणि धुराड्यातलं तापमान दाखवणारा काटा. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, आणि पिस्टन त्याच घराण्यातला. डिझेल वाढवत गेलास आणि हवा वाढली नाही, की काळा धूर येतो. पोरं त्याला रुबाब समजतात. तो रुबाब नाही, अर्धवट जळलेलं डिझेल आहे, तुझ्या खिशातलं. आणि त्याच्या आगेमागे पिस्टन वितळायची तयारी चाललेली असते.

या पाचांनंतर सहावी ताकद. तीही एकदम नको. थोडी वाढव, दोन महिने चालव, ऑइल काढून बघ, मग पुढची. खालच्या आरपीएमवर टॉर्कचा डोंगर उभा करणारा रिमॅप घेऊ नकोस. गाडी चालवायला मजा येते, पण कनेक्टिंग रॉड वाकतात ते तिथेच.

आता कायद्याचं. मला ठाऊक आहे, इथे तू पान उलटशील. उलटू नकोस. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेपेक्षा आरसी बुकातला तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करता येणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ तेच सांगतं. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर कलम १८९. त्यात पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बीएस-६ गाडीचा धूर गाळणारा डबा कापून काढलास तर पीयूसीवालाच तुला पकडेल. आणि विमा कंपनीला न सांगता इंजिन बदललंस, तर अपघाताच्या दिवशी तुझ्या हातात पॉलिसी नसेल, नुसता कागद असेल.

म्हणजे तुझ्या बेताच्या मधोमध एक भेग आहे, आणि ती टर्बोने बुजत नाही. रोजची गाडी आणि चारशे एचपीची गाडी या दोन वेगळ्या गाड्या आहेत. १९९१ साली अमेरिकेत जीएमसी कंपनीने सायक्लोन नावाचा पिकअप काढला. टर्बो, चारही चाकांना ताकद, २८० एचपी. एका नामांकित मासिकाने घेतलेल्या पाव मैलाच्या शर्यतीत त्याने चक्क फेरारीला मागे टाकलं. पण त्याच पिकअपवर कंपनीने बजावलं होतं, की पाचशे पौंडांपेक्षा जास्त माल घालू नका. पाचशे पौंड म्हणजे सव्वादोनशे किलो, आपल्या भाताची साडेचार पोती. कारखान्याने स्वतः बांधलेल्या गाडीला दोन्ही जमलं नाही. ती पळायला लागली आणि तिने हौद्यातला माल खाली ठेवला.

म्हणून निवड कर. रोजचीच गाडी पळवायची असेल तर एचपी कंपनीचे ठेव. वर लिहिलेल्या क्रमातलं जे कायद्यात बसतं ते कर, आणि तिच्याच वर्गात पळ. चारशेचाच हट्ट असेल तर ती गाडी रस्त्यावरून उतरव. ती ट्रेलरवर चढून पट्टीवर जाईल आणि ट्रेलरवरच परत येईल. भात दुसऱ्या गाडीतून जाईल. तिसरा रस्ता मला दिसत नाही. तुला दिसला तर तो मला अंधारातून चाललेला दिसेल.

पट्टीचं तुझं नशीब चांगलं आहे. देशातल्या नावाजलेल्या ड्रॅग शर्यतींपैकी ‘व्हॅली रन’ आपल्याच तालुक्यात, आंबवण्याजवळच्या अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर भरत आली आहे. दुसऱ्यांची पोरं लांबलांबून ट्रेलर ओढत इथवर येतात. फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाचं लायसन्स, हेल्मेट, गाडीची तपासणी हे सगळं रीतसर कर. पहिल्या वर्षी गाडी कंपनीतून आली तशीच पळव. दिवे हिरवे झाल्यावर तुझा पाय किती उशिरा हलतो ते घड्याळ सांगेल. तिथे वाया जाणारा अर्धा सेकंद परत मिळवायला ताकद किती घालावी लागते, ते वरच्या घनमुळात घालून बघ. चालकाला तयार करणं सगळ्यात स्वस्त, आणि त्याला आरटीओची हरकत नाही.

रविवारी सकाळी मुठ्याकडून टेमघरच्या घाटात जाणाऱ्या गाड्यांच्या घोळक्यात मात्र मला तू दिसता कामा नयेस. तिथे पलीकडून दुधाचे कॅन घेऊन येणारा माणूस शर्यतीत नसतो.

पैशांबद्दल एक शब्द. तुझ्या पणजीचं माहेर मुळशी धरणाच्या पाण्याखाली आहे. १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला तो याच खोऱ्यासाठी. जमीन गेली, धरण झालं, आणि मुंबईला वीज मिळाली. तालुक्याने दुसऱ्याच्या ताकदीसाठी जमीन द्यायची ती पहिली वेळ. नंतर बंगल्यांना दिली, रिसॉर्टना दिली. २०१८ साली ‘मुळशी पॅटर्न’ आला तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने थिएटरात बघितलं, की गुंठ्याचा पैसा कसा येतो नि कुठल्या वाटेने जातो. आपल्याला ते बघायला तिकीट काढायची गरज नव्हती.

त्या धरणाचा विचार मी राग गिळून मिस्त्री म्हणून करतो, तेव्हा एक गोष्ट दिसते. वरचं पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून पाचशे मीटर खाली भिऱ्याला सोडायचं होतं. ताकद तर उंचीतच होती, फुकट. पण आधी भिंत बांधली, बोगदा खणला, नळ घातले, झडपा बसवल्या, आणि सगळ्यात शेवटी पाणी सोडलं. उलट केलं असतं तर वीज झाली नसती, नुसता पूर आला असता. तुझ्या हातातले पैसे म्हणजे असंच उंचावर साठलेलं पाणी आहे. ताईने तो तुकडा विकताना सही करायला किती वेळ लावला, ते मी शेजारी बसून पाहिलंय.

म्हणून पैशांचे दहा वाटे कर. पाच बँकेत, त्यांना हात नाही. तीन गाडीला. एक टायर-ब्रेकला, तो गाडी घेतानाच बाजूला काढ, नाहीतर सीटकव्हर आणि दिव्यांत संपेल. उरलेला एक पट्टीवरच्या फीला, लायसन्सला, शिकण्याला. टर्बोसाठी वाटा उरत नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. तो पिकअपने स्वतः कमवायचा, भात वाहून.

गाडी घेतलीस की पहिल्या रविवारी इकडे ये. रिकामी आणू नकोस, आठ-दहा पोती टाकून आण. अण्णाला मी बोलावून ठेवतो. तो तुझ्या शेजारी बसेल, मी मागे. पिरंगुटचा घाट उतरू, मग ताम्हिणी. चार लोकांत जशी चालवतोस तशी चालव. अण्णाची एक सवय तुला सांगून ठेवतो. त्या दिवसापासून घाट उतरताना त्याला गाडीचा भरवसा वाटला नाही, की त्याचा उजवा पाय आपोआप समोरची फळी दाबतो. तिथे पेडल नाही हे त्याला माहीत आहे, तरी दाबतो. तू रस्त्याकडे बघ, त्याच्या पायाकडे मी बघेन.

खाली पोहोचेपर्यंत तो पाय हलला नाही, तर चहा घेऊ आणि टर्बोचं बोलू.

ताईला नमस्कार सांग. नव्या आंबेमोहोराची एक पिशवी पाठवतो आहे, ती पिकअपशिवायही पोहोचेल.

तुझा,
मामा